कोयना धरणाच्या माथ्यावर जीएनएसएस (उपग्रहांवरून स्थान मोजणारी यंत्रणा) बसवलं, तर लंबक बंद करावा का?

मोजणीदार
कोयनेच्या 103 मीटर उंच धरणाचा माथा जलाशयाची पातळी आणि तापमान यांच्याबरोबर मागेपुढे होतो. ते पाहायला गॅलरीत (धरणाच्या आतल्या बोगद्यात) उतरून लंबक, म्हणजे शाफ्टमध्ये टांगलेली वजनाची तार, वाचणं आता थांबवावं. निवडक मोनोलिथवर (धरणाच्या शेजारीशेजारी उभ्या खंडांवर) जीएनएसएस अँटेनाचे खांब उभारा आणि जलाशयाच्या भारापासून लांब, उघड्या कातळावर दोन संदर्भ स्थानकं ठेवा. दोन अशासाठी, की एक हललं तर दुसऱ्यावरून कळतं. 24 तासांचा डेटा एकत्र सोडवला की आडवी अचूकता 1-2 मिमी मिळते, उभी 3-5 मिमी. भूकंपानंतर पहिल्या वाचनासाठी कोणाला आत पाठवावं लागत नाही.

तळगॅलरी
अजिबात पटलं नाही. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात भेगा कुठे पडल्या? सांडव्याबाहेरच्या मोनोलिथमध्ये, खालच्या बाजूचा उतार जिथे बदलतो तिथे, पायापासून साधारण 66 मीटरवर. माथा 4 मिमी सरकला एवढंच अँटेना सांगेल. तो पायाशी घसरला, की त्या वळणाशी कलला? हे वेगवेगळ्या पातळ्यांवर वाचलेला लंबकच सांगतो, आणि 0.1 मिमीपर्यंत सांगतो. पायाखालच्या खडकात नांगरलेला उलटा लंबक जोडीला असेल तर पायाची हालचालही वेगळी काढता येते. शिवाय उत्थापन दाब (पाण्याचा धरणाला खालून वर ढकलणारा दाब) आणि व्ही-नॉचवरची (गळती मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवरची) गळती कुठल्या उपग्रहाला दिसते?

मोजणीदार
गळती आणि दाब मोजणं बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. पण लंबकाची दुखणीही मांडा ना. शाफ्टमध्ये चुन्याचे थर साचून तार घासू लागते, तेलाचं भांडं रिकामं झालं की वजन झुलत राहतं. वाचन मात्र दिसायला नीटनेटकं असतं!

सिग्नलवाला
दोघांच्याही बोलण्यात आकाश राहून गेलं. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर आपल्या अक्षांशांवर आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) खवळतं, सिग्नल तुटतात आणि सायकल स्लिप (सिग्नलच्या लहरींची मोजणी मध्येच चुकणं) होतात. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे नेमका जलाशय भरलेला असतानाचा काळ. पावसाळ्यात माथा आणि संदर्भ स्थानक यांच्या उंचीत फरक असेल, तर हवेतली वाफ उभ्या वाचनात शिरते. कठडे आणि गॅन्ट्री क्रेनवरून परावर्तन होतं ते वेगळंच. म्हणून तासाभराच्या आरटीके (जागच्या जागी लगेच मिळणाऱ्या) वाचनावर धोक्याचा इशारा बांधू नका, तिथे सेंटिमीटरभर गोंधळ सहज होतो. पीपीपी (जवळच्या संदर्भ स्थानकाशिवायची मोजणी) वापरायचं असेल तर भारतीय भूपट्टाची ईशान्येकडची वर्षाला सुमारे 5 सेंमी सरक आधी वजा करा, नाहीतर धरणच सरकतंय असा आलेख निघेल. आणि अँटेना केबलवर सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारं उपकरण) हवाच, घाटातल्या विजा रिसीव्हर सोडत नाहीत.

मातीकाम
जायकवाडीसारख्या सुमारे 10 किलोमीटर लांब, मुख्यतः मातीच्या धरणावर चित्र वेगळं आहे. तिथे माथ्याचं खचणं मिमीऐवजी सेंमीत मोजायची वेळ येऊ शकते, आणि एवढ्या लांबीवर वारंवार लेव्हलिंग (दुर्बिणीने उंचीची मोजणी) करणं जिकिरीचं. तिथे मोजणीदारांची बाजू मला पटते. फक्त खांबाचा पाया भरावात पुरेसा खोल घ्या, वरचा थर ऋतूनुसार फुगतो-आक्रसतो.

तळगॅलरी
मातीच्या धरणापुरतं मान्य. कोयनेत मात्र जीएनएसएस जोडीला बसवा आणि जलाशय भरण्या-उतरण्याची किमान दोन पूर्ण चक्रं दोन्ही वाचनं एकत्र घ्या. लंबकाच्या सर्वात वरच्या बिंदूशी अँटेनाचा आलेख 2 मिमीच्या आत जुळला, तरी मी लंबकाच्या फेऱ्या कमी करेन, तार काढू देणार नाही.