1975 चे पिक्चर तुमच्या गावात कधी पोचले?

वेंगुर्लेकर_सध्या_ठाण्यात
गणपतीला घरी गेलेलो तेव्हा ओटीवर विषय निघाला. 2025 मध्ये शोलेला 50 वर्षं झाली ना, त्यावरून. काका म्हणाले 75 सारखं साल परत होणे नाही, जानेवारीत दीवार, मे महिन्यात जय संतोषी माँ, 15 ऑगस्टला शोले, मध्येच चुपके चुपके, ज्यूली, आणि आँधी तर आणीबाणीत बंदच करून टाकलेला. सगळं धडाधड बोलले. मी विचारलं काका तुम्ही तेव्हा दहावीत, गावात लाइट सगळ्यांकडे नाही, थिएटर तालुक्याला आणि तिकडून शेवटची एसटी सात वाजता, मग बघितलेत कधी? तर चिडले आणि आत जाऊन झोपले 😄
तर त्या काळात किनारपट्टीला असलेल्यांनी (किंवा ज्यांनी आईवडलांकडून ऐकलंय त्यांनी) सांगा, हे पिक्चर आपल्याकडे नक्की कधी आणि कसे आले? कोटींचे आकडे नकोत, ते गुगलवर मिळतात.

पडाव_आणि_पेज
काका खोटं बोलत नाहीत, फक्त कॅलेंडर मुंबईचं वापरतायत. आमच्या वाडीत 1975 साल आलं ते 78 च्या फेब्रुवारीत. म्हणजे आणीबाणी लागली, उठली, जनता सरकार आलं, आणि मग शोले आला 😀

पण बघायच्या आधी आम्ही तो ऐकला होता. 75 च्या गणपतीला चाकरमानी आले त्यात आमचे आप्पा. लालबागला गिरणीत होते, मिनर्व्हाला ब्लॅकने तिकीट काढून बघून आलेले. पिक्चर लागून महिनाही झाला नव्हता. आरती झाली की ओटीवर पंधरा वीस पोरं आणि मध्ये आप्पा, दोन रात्री शोले सांगत होते. "मगे काय झाला म्हायत आसा?" असं म्हणून विडी पेटवायला थांबायचे आणि आम्ही मरायचो. नाणं उडवल्यावर ते पडल्याचा आवाज आपल्या खुर्चीखालून येतो म्हणाले, आम्हाला वाटलं फेकतायत, 70 एमएम आणि स्टिरिओ काय असतं ते कोणाला माहीत. गब्बर माणसं मोजतो तो सीन तर त्यांनी पाटावर उभं राहून केला, आणि कालियाच्या जागी माझा मोठा भाऊ, बिचारा खरोखर घाबरला.
शेवट असा सांगितला की ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवून तुडवून मारतो. आम्ही टाळ्या.

मग 78 ला जत्रेच्या सुमारास तंबू आला. आपल्याकडे पावसात तंबू शक्यच नाही, दिवाळी ते मे हाच सीझन, त्यामुळे पिक्चर आधीच जुना झालेला असायचा, वर जून ते ऑक्टोबर वजा. रिळांच्या पेट्या एसटीच्या टपावरून यायच्या आणि टप दिसला की पोरं बातमी घेऊन पळत. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की अंधार आणि शिट्ट्या. खाली वाळू, घरून गोणपाट न्यायचं, मध्ये दोरी बांधून बायका एका बाजूला. आमचा तंबू खाडीच्या तोंडाशी, रात्री खारा वारा सुटला की पडदा फुगायचा आणि अमिताभचा गाल दाढ सुजल्यासारखा. पैसे नसलेली पोरं कनातीखालून घुसून पडद्याच्या मागे बसायची, त्यांना सगळं उलटं दिसायचं. दीवार मी तसाच बघितलाय, बिल्ल्यावरचा 786 उलटा.

तर शोलेचा शेवट आला, ठाकूर पाय उगारतो, आम्ही उठून उभे, आणि पोलीस आले!! गब्बरला धरून नेला, संपलं. सगळा तंबू आप्पांच्या नावाने ओरडायला लागला. पुढच्या गणपतीला आप्पा आले तर पोरं त्यांना थापाडे आप्पा म्हणायला लागली, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. ते म्हणायचे अरे पोलिसांनी नेला असं सांगितलं असतं तर तुम्ही मला ओटीवरून ढकलला असतात.

आमसूल_वाटीभर
थापाडे आप्पा 😂😂
शोले पुरुषांचा हो, आमच्या घरात 75 म्हणजे जय संतोषी माँ. आई तेव्हा नवीन लग्न होऊन मालवणात आलेली. शोलेच्या मानाने चिल्लर बजेटचा पिक्चर पण गल्ल्याच्या बाबतीत त्या साली शोले-दीवारच्या पंगतीत बसला. तंबूत तो लागला तेव्हा बायका चपला बाहेर काढून आत गेल्या, पडद्यावर देवी आली की पैसे टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूवाल्याची पोरं वाळू चाळत होती, हे आईने स्वतः बघितलंय. आरती उषाताईंच्या आवाजात, ती तर पुढे वर्षानुवर्षं शुक्रवारी कोणाच्या ना कोणाच्या घरातून ऐकू यायचीच.

खरी मजा पुढे. सोळा शुक्रवार धरले आजीने. आता त्या व्रतात आंबट चालत नाही, धरणाऱ्याला नाही आणि तिच्या बघण्यात घरातल्या कोणालाच नाही. कोकणातल्या घरात आंबट बंद म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. डाळीत सोलं नाहीत, सोलकढी नाही, ताक नाही, मे महिन्यात कैरी समोर लटकतेय आणि हात लावायचा नाही. मासे त्या दिवशी तसेही नव्हते, पण आजोबांचं म्हणणं मासे नाहीत ते सोसेन, कढी नाही तर भात गिळू कसा? सोळा आठवडे गूळ-चणे बघून ते शुक्रवारी जेवायच्या वेळेला बरोबर शेजारी जाऊन बसायचे. शेजारीण पण व्रतवाली निघाली.
उद्यापनाला आठ मुलगे जेवायला घालतात आणि त्यांना दक्षिणा म्हणून पैसे द्यायचे नाहीत, जाऊन आंबट खातील म्हणून. माझा मामा त्यातला एक. जेवला, हात धुतले आणि सरळ मागच्या चिंचेखाली. आजीने काठी घेतलेली. पुढे त्या वर्षी म्हैस आटली त्याचं खापर मामावर फुटलं, अजून निघतो विषय.

नाटकवेडा_कुडाळ
सगळे हिंदीच? 75 लाच पांडू हवालदार आलाय, दादा कोंडके आणि अशोक सराफ. आमच्याकडे तंबूत तो तीनदा येऊन गेला, शोले एकदाच. बायकांना नेत नसत म्हणे, आणि मग दुपारच्या खेळाला सगळ्या बायकाच.
आणि सामना विसरलात! तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचा पहिला पिक्चर, निळू फुले समोर लागू, बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. त्यात आरती प्रभूंचं गाणं आहे, म्हणजे आपले खानोलकर, ज्यांनी इथे कुडाळात खानावळ चालवली आणि बुडवली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले. गल्ल्यात सामना कुठे असेल नसेल, माझ्यासाठी 75 म्हणजे तोच. शोलेला फिल्मफेअर मिळालं ते एकच, एडिटिंगचं, ते पण शिंद्यांना, घ्या 😏

घाटातली_वडाप
आमच्या पिढीचं 2016. 1 जानेवारीला नटसम्राट आणि 29 एप्रिलला सैराट, मराठी पिक्चर शंभर कोटीच्या वर गेला. आमच्या तालुक्याचं थिएटर तेव्हा बंद पडून त्यात लग्नाचं डेकोरेशनचं सामान ठेवलेलं. नऊ जण एका गाडीत, करूळ घाट चढून कोल्हापूर. येताना शेवट बघून कोणी घाटभर बोललं नाही, एरवी त्या गाडीत गाणी थांबत नाहीत. आम्हाला तरी तीन वर्षं थांबावं लागलं नाही.

रिळांचा_डबा
@पडाव_आणि_पेज अहो थांबा, तुमचे आप्पा थापाडे नाहीत! शोलेचा मूळ शेवट तोच होता, ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो. शूट पण झालेला. आणीबाणीत सेन्सॉर अडून बसलं, रिटायर का असेना पण पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे चालणार नाही म्हणून, मग पोलीस येऊन धरतात असं परत शूट करावं लागलं. थिएटरला लागला तो हाच बदललेला. मूळ शेवटाची प्रिंट नीट करून 2025 मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली.
आता आप्पांनी मिनर्व्हात तो बघितलेला असणं शक्य नाही. म्हणजे त्यांनी मनानेच लावला आणि सलीम-जावेदशी जुळला.

पडाव_आणि_पेज
काय सांगताय!! आत्ता गावी फोन लावला. आप्पा 84 चे आहेत, ऐकायला कमी येतं, दोनदा ओरडून सांगितलं. जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणतात, "मी तुमका तेवाच सांगलंय मा." आणि भावाला फोन दे म्हणाले, त्याच्याशी त्यांना बोलायचं आहे, सगळ्यात जास्त थापाडे तोच म्हणायचा.

वेंगुर्लेकर_सध्या_ठाण्यात
हा धागा काकांना वाचून दाखवला. दीवार त्यांनी पण पडद्यामागूनच बघितलाय, आत्ता कबूल केलं.