शब्दचर्चा : ‘निष्पाप नागरिक’ की ‘न लढणारी माणसं’?

विचारणा
वेगवेगळ्या धर्मांच्या मंडळींनी मिळून काढलेलं एक शांततेचं आवाहन मराठीत आणते आहे. युद्धात सापडलेल्या सामान्यांना वाचवा, ही त्यातली मुख्य मागणी. ‘सिव्हिलियन’ला वर्तमानपत्रं ‘निष्पाप नागरिक’ लिहितात. मला दोन्ही शब्द खटकतात. आणि ‘अ‍ॅडव्होकसी’ला, म्हणजे दुसऱ्यांच्या बाजूनं बोलण्याला, काय म्हणावं?

प्रतिसाद
‘नागरिक’ खटकतो ते बरोबरच आहे. सैनिकही नागरिक असतोच, आणि निर्वासित कदाचित कुठल्याच देशाचा नागरिक नसतो. ‘मुलकी’ कारभाराला शोभतो. ‘बिगरलष्करी’ अचूक आहे, पण तो वाहनाला किंवा विमानतळाला लावावा. आईच्या कुशीतल्या बाळाला लावताना जीभ अडते.

प्रतिसाद
माझा खरा विरोध ‘निष्पाप’ला आहे. युद्धातल्या वागणुकीचे नियम घालणाऱ्या जिनीव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलचं, म्हणजे पुरवणी कराराचं, ५०वं कलम पाहा. जो सैन्यात नाही तो सिव्हिलियन, आणि शंका असेल तर सिव्हिलियनच धरायचा. पापपुण्याची चौकशी त्यात कुठेही नाही. ‘निष्पाप’ लिहिलं की ती चौकशी आपणच सुरू करतो. जिनं स्वतःच्या मुलाला लढायला धाडलं, शत्रूला शिव्याशाप दिले, ती म्हातारी निष्पाप आहे का? असेल, नसेल. तिच्या घरावर बॉम्ब टाकायचा नाही, कारण ती लढत नाही.

धर्मांनीही बहुधा हेच पाहिलं आहे. ९८९ साली फ्रान्समधल्या शारू इथे बिशपांची परिषद भरली. नि:शस्त्र धर्मगुरूंवर हात टाकणारे आणि शेतकऱ्यांची जनावरं लुटणारे, यांना तिनं बहिष्कृत ठरवलं. पहिले खलिफा अबू बक्र यांनी सैन्याला केलेला उपदेश इस्लामी परंपरेनं जपला आहे: बायका, मुलं, म्हातारे यांना मारू नका, फळझाडं तोडू नका, मठात बसलेल्यांना त्यांच्या वाटेनं राहू द्या. यात कोणाची पापं मोजलेली नाहीत.

संस्कृतात तर नेमका शब्द आहे: अयुध्यमान, न लढणारा. महाभारताच्या उद्योगपर्वात कृष्ण स्वतःबद्दल म्हणतो, ‘अयुध्यमानः संग्रामे न्यस्तशस्त्रोऽहमेकतः’. न लढणारा आणि शस्त्र खाली ठेवलेला, असे दोन शब्द त्यानं वापरले आहेत. आजचा कायदाही सिव्हिलियन आणि शरण आलेला सैनिक यांचा विचार वेगवेगळा करतो. म्हणून ‘नि:शस्त्र’ही पुरत नाही.

विचारणा करणारी
‘अयुध्यमान’ फार आवडला. पण हे आवाहन प्रार्थनासभेत मोठ्यानं वाचलं जाणार आहे, तिथे तो कानावरून जाईल. ‘न लढणारी माणसं’ घेते.

प्रतिसाद
‘अ‍ॅडव्होकसी’ला एकच शब्द शोधू नका. दोन्ही पक्षांत ये-जा करून समेट घडवणं ही शिष्टाई. कृष्णशिष्टाई आपण म्हणतोच. मोझांबिकच्या यादवीत रोमच्या संत एजिदियो या कॅथलिक समुदायानं जे केलं आणि ज्यातून ४ ऑक्टोबर १९९२चा करार झाला, ती शिष्टाई. बलवानाकडे दुसऱ्यासाठी शब्द टाकणं ही रदबदली. तुमचं आवाहन दुसऱ्या प्रकारचं वाटतं. मात्र ‘रदबदली’ला वशिल्याचा वास लागला आहे, म्हणून शीर्षकात ‘कळकळीची मागणी’ चालेल.

विचारणा करणारी
शेवटची एक अडचण. आवाहनात एल साल्वादोर देशातल्या सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांचं २३ मार्च १९८०चं प्रवचन आहे. दुसऱ्याच दिवशी मिस्सा (कॅथलिकांची उपासना) अर्पण करताना त्यांना गोळी घातली गेली. सैनिकांना ते म्हणतात की विनवतो, याचना करतो, देवाच्या नावानं… पुढे ‘आज्ञा करतो’ लिहू की ‘हुकूम करतो’? धर्मगुरूच्या तोंडी ‘आज्ञा’ शोभते.

प्रतिसाद
‘हुकूम’च ठेवा. त्याच्या जरा आधी ते सांगतात की माणसानं दिलेला मारण्याचा हुकूम देवाच्या नियमाविरुद्ध असेल, तर तो पाळायला कोणताही सैनिक बांधलेला नाही. मूळ स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे एकाच धातूचा शब्द आहे. एकीकडे ‘हुकूम’ आणि दुसरीकडे ‘आज्ञा’ केलंत, तर हुकमासमोर हुकूम उभा राहिलेला ऐकणाऱ्याला कळणार नाही.