सिमेंट बोर्ड ठोकला की झालं?

अमेरिकेतल्या लाकडी घरात बाथरूमच्या जमिनीवर टाइल्स लावायच्या असतील तर 'प्लायवर सिमेंट बोर्ड (टाइल्सखाली बसवायचा सिमेंटचा पातळ तक्ता) ठोका, लगेच टाइल्स लावा' असं सुचवलं जातं, त्यात थोडी भर. बोर्डाने फ्लोअरला ताकद येत नाही. ती खालच्या जॉइस्ट (जमिनीखालच्या आडव्या लाकडी तुळया) आणि प्लायमधूनच यायला हवी. चालताना जमीन दबत असेल तर आधी ते बघा. कमोड काढून फ्लँजभोवती (कमोड ज्या कड्याने ड्रेन पाइपला जोडतात ते) प्लायमध्ये स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. लोण्यात शिरावा तसा गेला तर प्लाय सडलाय, तेवढा कापून बदला. बोर्डाखाली थिनसेट (टाइल्स चिकटवायचा सिमेंटचा मसाला) पसरायचाच, नाहीतर पोकळी राहून पुढे ग्राउट (टाइल्समधल्या फटींत भरलेला मसाला) तडकतं. बोर्डांच्या सांध्यांत १/८ इंच फट, त्यावर जाळीची टेप. सिमेंट बोर्ड सडत नाही, पण पाणी अडवतही नाही. टबाबाहेर बादली-तांब्या चालणार असेल (आपल्याकडे पाहुणे आले की चालतोच!), तर बोर्डावर वॉटरप्रूफ मेम्ब्रेन (पाणी अडवणारा थर) हवंच.