केळी खरंच संपणार का? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

कुलकर्णी काकू: "जगातली केळी लवकरच नामशेष होणार, शास्त्रज्ञ हादरले, जास्तीत जास्त लोकांना पाठवा 🙏" हे खरं आहे का गं ईशा, तू शेतीचं शिकतेस ना

ईशा: काकू नामशेष बिमशेष काही होत नाही 😄 केळीच्या हजाराच्या वर जाती आहेत. बातमी आहे ती एकाच जातीची, कॅव्हेंडिश. बोटीतून एका देशातून दुसऱ्या देशात जी केळी जातात ती जवळजवळ सगळी तीच, वर्षाला साधारण 2 कोटी टन. त्यात बी नसतं, मुनवे (बुंध्याशी फुटणारे कोंब) लावून नाहीतर टिश्यू कल्चरने, म्हणजे लॅबमध्ये झाडाच्या तुकड्यातून रोपं काढून, वाढवायची, म्हणजे हजारो एकर बागा दिसल्या तरी झाड एकच समजा. त्याला जे मारेल ते सगळ्यांनाच मारेल

ईशा: आणि मारतोय तो मर रोग, टीआर4 नावाची बुरशी. मातीत राहते, औषध चालत नाही, मजुराच्या बुटाला लागलेल्या चिखलातून पण पसरते. 2019 ला कोलंबियात सापडली, 2021 ला पेरूत, 2023 ला व्हेनेझुएलात

मंदार: असं आधी पण झालंय ना एकदा

ईशा: हो दादा, तेव्हाची जात ग्रो मिशेल. 1960 पर्यंत निर्यातीतून जवळपास बादच झाली, मर रोगच, फक्त बुरशीचा प्रकार वेगळा. कॅव्हेंडिशला तो प्रकार लागत नव्हता म्हणून तिला आणलं आणि परत तेच केलं, सगळीकडे एकच जात 🤦‍♀️

चीफ काका: ग्रो मिशेल जाड सालीचं, अख्खे घडच्या घड जहाजात टाकायचे. कॅव्हेंडिश नाजूक, जरा घासलं की काळं पडतं, त्यामुळे मळ्यातच फण्या कापून धुवून खोक्यात भरायला लागल्या. एक जात बदलली तर अख्खी लाइन बदलली, पॅकिंग शेड आले, पुठ्ठ्याच्या खोक्यांचे कारखाने आले. आजही हिशोब खोक्यातच, 18.14 किलोचं एक, म्हणजे 40 पौंड

मंदार: चीफ काका तुम्ही होतात ना केळ्याच्या जहाजावर, मला एक सांगा, केळं इक्वेडोरहून युरोपात जातं, मधे एवढे फ्रिज एवढं डिझेल, आणि तरी तिथल्या दुकानात तिथल्याच सफरचंदापेक्षा स्वस्त, हे गणित मला कधीच जमलं नाही आणि मी सीए आहे 😅

चीफ काका: चार वर्षं होतो रीफरवर, म्हणजे थंड माल नेणाऱ्या जहाजावर, इक्वेडोरचं ग्वायाकिल ते बेल्जियमचं अँटवर्प. माल हिरवा भरायचा आणि 13 डिग्रीच्या थोडं वर धरायचा, खाली गेलं तर साल करडी पडते आणि मग ते केळं नीट पिकत नाही, वर गेलं तर वाटेतच पिकायला लागतं. आणि एक खोकं पिकलं की त्याचा इथिलीन गॅस शेजारच्याला पिकवतो, तो त्याच्या शेजारच्याला, म्हणून दिवसरात्र हवा बदलत राहायची. आम्ही म्हणायचो की हा माल श्वास घेतो. पोचल्यावर रायपनिंग चेंबरमध्ये गॅस देऊन हवं त्या दिवशी पिवळं करतात. पण मंदार एवढ्या प्रमाणावर केलं की खोक्यामागे वाहतूक फार पडत नाही. स्वस्ताईचं कारण जहाजात नाही, मळ्यात शोध

डॉ. शुभदाताई: मळ्यात म्हणजे मजुरीत. दुकानात केळ्याचे जे पैसे येतात त्यातला मजुराच्या हातात दहा टक्के पण पडत नाही. युरोपातली सुपरमार्केटं केळं मुद्दाम पडेल भावात ठेवतात, गिऱ्हाईक त्यासाठी आत येतं आणि बाकीचं महाग सामान घेऊन जातं. ब्रिटनमध्ये तर दुकानांची आपसात स्पर्धा लागली होती कोण भाव जास्त पाडतो याची, आणि पाडलेला भाव दुकान सोसत नाही, तो मागे मागे ढकलत मळ्यापर्यंत जातो

मंदार: पण इक्वेडोरचं सरकार खोक्याला किमान भाव ठरवतं ना दरवर्षी

डॉ. शुभदाताई: ठरवतं, पण ऑफ सीझनला निर्यातदार त्याच्या खाली पण घेतात अशी शेतकऱ्यांची कायमची ओरड असते. माल झाडावर थांबत नाही ना, विकायचाच असतो त्या आठवड्यात

मंदार: मला यातली एकच गोष्ट प्रचंड आवडते, सांगतोच. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीकडे अफाट जमीन, त्यातली बरीचशी पडीक. कंपनी म्हणायची की मर रोगाने एक मळा गेला तर दुसरीकडे सरकायला लागते म्हणून राखून ठेवलीये. 1952 ला अध्यक्ष आर्बेंझने कायदा केला, पडीक जमीन सरकार घेणार आणि भरपाई किती तर मालकाने स्वतःच टॅक्ससाठी जी किंमत दाखवलीये तेवढीच 😂😂 कंपनीने वर्षानुवर्षं कमी दाखवलेली, त्यामुळे भरपाई निघाली सव्वासहा लाख डॉलर. तर अमेरिकन सरकारने कंपनीच्या वतीने मागितले दीड कोटीच्या वर

कुलकर्णी काकू: बरं झालं, चांगली खोड मोडली

मंदार: मोडली कुठली काकू. 1954 ला सीआयएने आर्बेंझचं सरकारच उलथवलं. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री डलेस आणि सीआयएचा प्रमुख डलेस सख्खे भाऊ, आणि दोघेही ज्या लॉ फर्ममधले ती आधी या कंपनीचं काम बघायची. जमीन कंपनीला परत. ग्वाटेमालात पुढे 1960 पासून 36 वर्षं यादवी चालली. एका असेसमेंटवरून 🙄

ईशा: दादा एका असेसमेंटवरून नाही हं, कम्युनिझमची भीती पण होती त्या काळात. पण ती पडीक जमीन रोगामुळे राखलेली हे भारी आहे, आमच्या वर्गात मर रोग शिकवताना हे कुणी सांगत नाही

ॲडमिन: मंडळी ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे 🙏 (चालू द्या, मी पण वाचतोय)

डॉ. शुभदाताई: मला इतिहासापेक्षा शेतीच्या औषधांचा राग येतो. डीबीसीपी म्हणून होतं, मुळांवरच्या सूत्रकृमीसाठी, म्हणजे मातीतल्या बारीक किड्यांसाठी. 1977 ला कॅलिफोर्नियाच्या कारखान्यात ते बनवणाऱ्या कामगारांना मुलं होत नाहीत हे बाहेर आलं आणि अमेरिकेत ते थांबवलं, पण मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांवर त्यानंतरही वापरलं, हजारो पुरुष वंध्य झाले, कित्येकांना कळलं ते लग्नानंतर. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक आणि ग्वाडेलूप या फ्रेंच बेटांवर क्लोरडेकोन नावाचं कीटकनाशक, 1972 ते 1993, आज तिथल्या 90 टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तात सापडतं. फवारणारे गेले तरी माती तशीच, पोरंबाळं तिथलंच कंदमूळ आणि मासे खातायत

ईशा: आणि करप्यासाठी, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगासाठी, विमानाने फवारणी, काही मळ्यांवर वर्षाला 40 पेक्षा जास्त वेळा. शेजारी वस्ती शाळा असतेच

कुलकर्णी काकू: मग घेऊच नयेत अशी केळी कुणी

डॉ. शुभदाताई: काकू ते इतकं सोपं नाही. मागणी पडली तर आधी मजुराची रोजी जाते. 2025 ला पनामात पेन्शनच्या कायद्यावरून मजूर संपावर गेले तर चिकिता या केळी कंपनीने हजारोंना कामावरून काढून टाकलं, त्या भागात दुसरं कामच नाही, काही महिन्यांनी सरकारशी बोलणी करून परत भरती. फेअरट्रेडचा शिक्का असलेल्या केळ्यांत (मजूर-शेतकऱ्यांना रास्त भाव द्यायची योजना) किमान भाव आणि वर खोक्यामागे 1 डॉलर मिळतो, तो मजुरांनी शेतकऱ्यांनी मिळून शाळा दवाखान्यावर खर्च करायचा, मला ते बरं वाटतं

मंदार: 18 किलोला एक डॉलर म्हणजे किलोला साडेपाच सेंट, गिऱ्हाइकाला कळणार पण नाही. आणि तेवढं पण सगळे देत नाहीत, कमाल आहे

ईशा: छोटे शेतकरी मात्र भांडणात आधीच मेले. कॅरिबियन बेटांवरच्या, सेंट लुसिया डॉमिनिका वगैरे, डोंगरउतारावरच्या एक-दोन एकराच्या बागा, युरोप त्यांना सवलत द्यायचा तर 1993 पासून लॅटिन अमेरिकन देशांनी आणि पुढे अमेरिकेने पण केस लावल्या, आधी गॅटमध्ये (जागतिक व्यापाराचा जुना करार) आणि मग त्याच्या जागी आलेल्या डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटना), भांडण 2012 ला मिटलं. अमेरिकेत निर्यातीची केळी पिकत पण नाहीत, कंपन्या त्यांच्या म्हणून लढले, 1999 ला युरोपच्या हँडबॅगवर वगैरे जबर ड्युटी लावली

चीफ काका: अजून एक सांगतो. केळ्याचे कंटेनर कोकेनवाल्यांचे लाडके. नाशवंत माल, कस्टमवाले जास्त वेळ अडवू शकत नाहीत, आणि दर आठवड्याला हजारो कंटेनर, उघडणार किती. 2023 ला स्पेनच्या अल्हेसिरासला इक्वेडोरच्या केळ्यांतून साडेनऊ टन पकडलं. आमच्या वेळी पण बंदरात बोटीखाली पाणबुडे घालून तपासायचे आणि आम्ही वर केबिनमध्ये आपल्या बॅगा परत परत बघत बसायचो कुणी काही टाकलं तर नाही ना म्हणून

कुलकर्णी काकू: बाई गं. ईशा मग त्या रोगाला काहीच नाही का उपाय

ईशा: आहे ना काकू, ऑस्ट्रेलियात जनुक बदललेली कॅव्हेंडिश काढलीये, 2024 ला लागवडीला आणि खायला परवानगी मिळाली. पण तीही कॅव्हेंडिशच, आणि निर्यातवाले परत सगळीकडे तीच लावणार. वेगवेगळ्या जाती लावल्या तर रोग अडेल, पण मग खोकं वेगळं, तापमान वेगळं, पिकवायचे दिवस वेगळे

चीफ काका: आणि माझ्यासारख्या इंजिनिअरला झोप नाही. जहाजाच्या एका होल्डमध्ये (माल भरायच्या कप्प्यात) दोन जाती, दोन तापमानं, अशक्य. स्वस्त हवं असेल तर सगळं एकसारखंच लागतं

कुलकर्णी काकू: बरं मग तो मेसेज मी डिलीट करते, चुकीचाच आहे

मंदार: काकू आता फक्त तुमच्या फोनमधून जाईल, सगळ्यांच्या फोनमधून काढायची वेळ गेली

कुलकर्णी काकू: अरे देवा, मी तर अजून तीन ग्रुपवर टाकलाय 🙈 ईशा तुझं ते वरचं पहिलं उत्तर जरा नीट एका मेसेजमध्ये लिहून दे, तिकडे पण टाकते