हॅरल्ड रेनॉल्ड्सला नारळ देण्याआधी

एडिसनकर
'आकडेमोड' यांनी काल फर्मान काढलं: एमएलबी नेटवर्कवरच्या (अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलची टीव्ही वाहिनी) माजी खेळाडूंना नारळ द्या, कधी न खेळलेल्या पण आकड्यांत मुरलेल्या ब्रायन केनीसारखी चार अभ्यासू माणसं बसवा, वाहिनी सुधारेल. हॅरल्ड रेनॉल्ड्सची तर 'गोड बोलतो, सांगत काहीच नाही' अशी बोळवण केली. वर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून हा वेगळा धागा.

रेनॉल्ड्स सिएटलचा माजी सेकंड बेसमन. 1988, 89, 90 अशी लागोपाठ तीन गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षणाची बक्षिसं. 1987 ला 60 बेस चोरून (पिच पडतापडता पुढच्या बेसवर पळून) अमेरिकन लीगमध्ये पहिला. (त्या वर्षी रिकी हेंडरसन जायबंदी होता. मोसम संपल्यावर रिकीने फोन करून 'एवढे तर मी अर्ध्या मोसमात चोरतो' अशा अर्थाचं सुनावलं, हा किस्सा रेनॉल्ड्स स्वतःच हसत सांगतो. असलं काही एक्सेलमध्ये सापडत नाही.) वाहिनीच्या स्टुडिओ 42 मध्ये निम्म्या आकाराचं मैदान आहे, ते काय शोभेसाठी? माजी खेळाडू बिल रिपकन होता तेव्हा दोघं सूट घालून तिथे डबल प्ले (एका चेंडूत दोघे बाद) करून दाखवायचे. रनर अंगावर येत असताना पाय कुठे टाकायचा, चेंडू ग्लोव्हमधून हातात कसा घ्यायचा. हे केनी सात जन्मांत दाखवू शकणार नाही.

माझा मुलगा सेकंड बेसवर खेळतो. इथल्या एका खासगी अकादमीने त्याच्या बॅटला सेन्सर लावला, लाँच अँगलचा (चेंडू बॅटवरून कोणत्या कोनात उडतो त्याचा) रंगीत रिपोर्ट दिला आणि खिसा रिकामा केला. ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) आला की पोराचे पाय जमिनीला चिकटलेलेच. ते सुटले रेनॉल्ड्सच्या क्लिपा बघून अंगणात घासल्यावर.

आणि आकड्यांचा हट्ट कुठे नेतो ते 2020 च्या वर्ल्ड सिरीजला दिसलंच. सहावा सामना, टँपाचा पिचर ब्लेक स्नेल 73 पिचेसवर, नऊ स्ट्राइकआउट, टँपा 1-0 ने पुढे. मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला काढलं. का, तर तिसऱ्यांदा तेच बॅटर येणार होते, आणि आकडे म्हणतात तेव्हा पिचरला जास्त मार बसतो. डॉजर्सचे बेट्स, सीगर, टर्नर हे तिघे त्या रात्री स्नेलसमोर सहापैकी सहा वेळा स्ट्राइकआउट! डॉजर्स 3-1 ने जिंकले. डगआउटमध्ये बसलेल्या कोणालाही विचारा.

आकडेमोड
डगआउटमध्ये बसलेल्या माणसानेच काढलं हो त्याला. कॅश स्वतः मेजर लीगमध्ये कॅचर होता.

आणि सोयीचे आकडे तुम्हालाही चालतात, हे बघून बरं वाटलं. आता गैरसोयीचा घ्या: 2020 च्या आख्ख्या मोसमात स्नेलने एकाही सामन्यात सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या. निर्णय फसला म्हणून चुकीचा ठरत नाही.

केनीवर येतो. 1990 ला पिचर बॉब वेल्चला 27 विन (पिचरच्या खात्यावर मांडलेले संघाचे विजय) होत्या म्हणून साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा किताब, मिळाला. क्लेमन्सचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितका कमी तितका चांगला) 1.93 होता, तो बघत बसला. 2018 ला मेट्सच्या डीग्रॉमच्या 10 विन आणि 9 पराभव, ईआरए 1.70, आणि 30 पैकी 29 मतदारांनी त्याला पहिलं मत दिलं. मधल्या वर्षांत माणसं आपोआप शहाणी झाली का? टीव्हीवर कोणीतरी रोज 'विन मोजणं बंद करा' म्हणून कानीकपाळी ओरडत होतं. तो केनी. 2012 ला कब्रेराने ट्रिपल क्राउन (बॅटिंगच्या तीन मुख्य आकड्यांत लीगमध्ये पहिला) मिळवला, 1967 नंतर पहिला, सगळी दुनिया त्याच्या पायाशी, तेव्हाही हा मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ट्राउटच्या बाजूने उभा होता. शेजारी माजी खेळाडू बसलेले असताना हे बोलायला छाती लागते. किस्से सांगायला नाही लागत.

तुमच्या मुलाचं अभिनंदन. पण क्लिप बघून पाय सुटले की मुलगा एका वर्षाने मोठा झाला म्हणून सुटले, हे तपासलंत का?

एडिसनकर
माझ्या पोराला यात ओढायचं नाही. बाकी काय म्हणायचं ते म्हणा.

आकडेमोड
पोराला धाग्यात तुम्ही आणलंत. मी फक्त प्रश्न विचारला.

मेट्सग्रस्त
डीग्रॉमचं नाव काढू नका, जखमा ताज्या आहेत. तो सात-आठ इनिंग देवासारखा टाकायचा आणि आमच्या मेट्सचे बॅटर एक रनसुद्धा द्यायचे नाहीत. त्यासाठी केनीही नको आणि रेनॉल्ड्सही नको, मानसोपचारतज्ज्ञ पाहिजे.

वैदेही_एस
दोघांचं चालू द्या, पण एक सांगा. 'खेळलेला' विरुद्ध 'न खेळलेला' हा वाद घातलात की बायका आपोआप बाहेर, हे लक्षात आलं का? मेजर लीगमध्ये खेळण्याची अट लावली तर आमच्यातलं कोणीच बसत नाही. लॉरेन शेहादी रोज सकाळी कार्यक्रम चालवते, ती सूत्रसंचालक म्हणून चालते, पण मत द्यायची वेळ आली की कॅमेरा माजी खेळाडू डीरोसाकडे.

20 जुलै 2021 ला टँपाजवळ सेंट पीटर्सबर्गला ओरिओल्स-रेजचा सामना यूट्यूबवर झाला, समालोचनाला मेलनी न्यूमन, सारा लँग्स आणि बाकी तिघी, पूर्ण बायकांची टीम. माझी मुलगी सॉफ्टबॉल पिचर आहे. अख्खा सामना तिने जागचं न हलता बघितला, एरवी तिसऱ्या इनिंगला फोन हातात येतो. लँग्स आकड्यांचीच बाई, पण तिचा आकडा ऐकला की सामना बघावासा वाटतो. केनीचा ऐकला की आपण नापास झालो असं वाटतं.

आकडेमोड
लँग्सबद्दल शंभर टक्के मान्य. केनीचा सूर मास्तरकीचा आहे, हेही एक वेळ मान्य. सूर म्हणालो, मुद्दा नाही.

परसिपनीचा_पंत
तुम्हा कोणाला पडद्याखालच्या पट्टीवर चालणारे बेटिंगचे भाव दिसत नाहीत का? विश्लेषण ऐकावं तर मध्येच भाव. जाहिरात लागावी तर भाव. नोव्हेंबर 2025 मध्ये क्लीव्हलँडच्या क्लासे आणि ऑर्टिझ या पिचरांवर बेटिंगसाठी पिच ठरवून टाकल्याचं आरोपपत्र आलं, आणि इथे आपण बेस चोरण्याचं कौतुक करतोय. माझा भाचा कॉलेजात याच नादी लागला होता. वहिनींनी बांगड्या मोडल्या. असो.

जुना_बातमीदार
पंत, तुम्ही दाराशी पोचलात आणि 'असो' म्हणून परत फिरलात.

केनी विरुद्ध रेनॉल्ड्स ही परवानगी असलेली कुस्ती आहे. अशा शंभर लावा, कोणाचं काही जात नाही. वाहिनीत सर्वात मोठा वाटा क्लबांचा, थोडा केबल कंपन्यांचा. 1 जानेवारी 2009 ला सुरू झाली तीच पाच कोटी घरांत, कारण केबलवाल्यांना आधीच वाटेकरी करून घेतलं होतं. अशा घरात खरा प्रश्न एकच: मालकांबद्दल आणि कमिशनरबद्दल कोण बोलतो?

वाहिनीचा बातमीदार केन रोझेंथल बोलला. वाहिनीवर नाहीच, बाहेरच्या त्याच्या लेखात. जून 2020, कोविडमुळे मोसम अडकलेला. कमिशनर रॉब मॅनफ्रेड म्हणाले शंभर टक्के बेसबॉल होणार, आणि पाच दिवसांत म्हणाले खात्री नाही. रोझेंथलने त्यावर लिहिलं. त्यानंतर जवळपास तीन महिने तो पडद्यावर नव्हता, आणि जानेवारी 2022 मध्ये, ऐन लॉकआउटमध्ये (मालकांनी खेळाडूंना बाहेर ठेवून काम बंद केलं होतं तेव्हा), करार वाढवला नाही. कारण तेच लेखन, अशी न्यूयॉर्क पोस्टची बातमी होती. वाहिनी म्हणाली, माणसं येतात-जातात. अ‍ॅस्ट्रोजची साइन-चोरी (समोरच्या कॅचरच्या खुणा चोरणं) ड्रेलिच या बातमीदाराच्या जोडीने बाहेर काढणारा माणूस! त्याच लॉकआउटमध्ये लीगच्या वेबसाइटवरून खेळाडूंचे फोटोसुद्धा उतरवले होते, आठवतंय? आणि तुम्ही डबल प्लेच्या पायावर भांडताय.

शिवाजीपार्क_एंड
हे वाचून संजय मांजरेकर आठवला नाही असा मराठी माणूस दाखवा. मार्च 2020, धरमशाला, दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा वनडे. सामना पावसात गेला आणि संजय बीसीसीआयच्या समालोचकांच्या पॅनेलमधून गेला. कारण जाहीर नाही. तोंडावर खरं बोलतो, एवढाच गुन्हा. जडेजाबद्दल बोलला, बोलण्यासारखं होतं म्हणून बोलला. मालकाच्या माइकवरून मालकाच्या संघाबद्दल बोलायचं नाही, हा नियम सिकॉकसला (एमएलबी नेटवर्कचं गाव) काय आणि वानखेडेला काय, एकच.

आकडेमोड
मांजरेकर आणि रोझेंथल एका वाक्यात? नोव्हेंबर 2019, ईडन गार्डन्स, गुलाबी चेंडूची कसोटी विसरलात? चेंडू नीट दिसतो का हे खेळाडूंना विचारायला हवं असं हर्षा भोगले म्हणाला, तर याच मांजरेकरने थेट प्रक्षेपणात त्याला सुनावलं की विचारायची गरज तुला, आम्ही खेळलेलो आहोत, आम्हाला कळतं. हा तर एडिसनकरांचाच पक्ष झाला की!

एडिसनकर
माझा कुठला पक्ष? मी मांजरेकरचं नावही घेतलेलं नाही. आणि हर्षाला असं तोंडावर हिणवणं मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

शिवाजीपार्क_एंड
37 कसोटी, लाहोरला 218. समोर इम्रान, अक्रम. 'आम्ही खेळलोय' असं तो नाही म्हणणार तर कोण म्हणणार? नंतर त्याने खंतही व्यक्त केली, ते सोयीने गाळलंत. हर्षा सज्जन आहे, पण त्याने कधी 140 च्या चेंडूला तोंड दिलंय?

वैदेही_एस
ज्यांनी दिलंय त्यांतल्या अर्ध्यांना दोन वाक्यं धड जोडता येत नाहीत. आम्ही मॅच ऐकायला बसायचो ते हर्षासाठी. आयआयएम करून आलेला, कुठल्याही माजी कर्णधाराची गरज न लागता आम्हाला खेळ समजावणारा. माझ्या बाबांना दृष्टी गेल्यावर त्याच्या आवाजावर सामना 'दिसायचा'. आणि त्यालाही 2016 च्या आयपीएलआधी काढलंच ना? भारत बंगळुरूला बांगलादेशवर एका रनने जिंकल्यावर बच्चन नाव न घेता लिहितात की समालोचकाने आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं, धोनी त्याला दुजोरा देतो, आणि थोड्याच दिवसांत हर्षा गायब. त्यालाही कोणी कारण सांगितलं नाही.

शिवाजीपार्क_एंड
ते चूकच होतं, मी कुठे बरोबर म्हणतोय? पण हर्षाला काढलं तर सगळा देश हळहळला. संजयला काढलं तर 'बरं झालं' म्हणणारे याच धाग्यावर निघतील.

मेट्सग्रस्त
निघाला. मी. बरं झालं.

शिवाजीपार्क_एंड
मेट्सच्या माणसाने दुसऱ्याच्या अपयशावर बोलू नये.

एडिसनकर
अहो, हा बेसबॉलचा धागा आहे! क्रिकेटला उभी आयुष्यं दिलीत, एक धागा तरी सोडा.

जुना_बातमीदार
क्रिकेट अगदी जागेवर आलंय, राहू दे. इकडे खेळलेला मांजरेकर गेला, न खेळलेला हर्षा गेला. तिकडे न खेळलेला रोझेंथल गेला, न खेळलेला केनी टिकला, खेळलेला रेनॉल्ड्सही टिकला. केनी लढतो ते विनशी. विनला वकील नाही, आणि विन कोणाचा करार थांबवत नाही.

आकडेमोड
केनीवर अन्याय करताय. पत्रकार आणि विश्लेषक ही दोन वेगळी कामं. कमिशनरवर टीका करायची जबाबदारी केनीची नाही.

जुना_बातमीदार
बरोबर. ज्याची होती त्याला काढलं. तेवढंच म्हणतोय.

आकडेमोड
...ठीक. रोझेंथलबाबत वाद नाही. पण त्याने रेनॉल्ड्स चांगला ठरत नाही.

एडिसनकर
आणि केनी शूर ठरत नाही. 'छाती लागते' तुम्हीच लिहिलंत, वर जाऊन वाचा. बातमीदारांनी रेनॉल्ड्सलाही त्याच पंगतीत बसवलं, ते मला अर्धंच मान्य. हो, तो मॅनफ्रेडवर तुटून पडणार नाही. पण तो तसा आवही आणत नाही. पाय कुठे टाकायचा ते सांगतो, आणि ते बरोबर सांगतो. ज्याला लॉकआउटचं राजकारण पाहिजे त्याने पेपर वाचावा. रोझेंथल लिहितोच आहे, फॉक्सवर दिसतोही.

परसिपनीचा_पंत
बेटिंगबद्दल कोणीच बोललं नाही. अपेक्षित होतं.

वैदेही_एस
पंत, मी बोलते. आमच्याकडे लेकीने जेवताना विचारलं की 'ओव्हर-अंडर' (बेटिंगमधला शब्द) म्हणजे काय. शेहादी, लँग्स बघून खेळाडू व्हावंसं वाटलेली मुलगी, आणि प्रश्न हा. आम्ही आता सामना लागला की मधल्या वेळात आवाज बंद करतो. म्हणजे तज्ज्ञ तिथे आहेत, आणि ऐकत कोणीच नाही.

परसिपनीचा_पंत
धन्यवाद. निदान एकीला तरी दिसलं.

शिवाजीपार्क_एंड
शेवटचं सांगतो आणि जातो. संजय ऑस्ट्रेलिया दौऱ्याला त्याच वर्षी दुसऱ्या वाहिनीवर बोलत होता. कोणाच्या मेहेरबानीवर नाही.

मेट्सग्रस्त
तुम्ही मघाशीच जाणार होतात ना?

शिवाजीपार्क_एंड
लाहोरच्या 218 वर कोणी अवाक्षर काढलं नाही, म्हणून थांबलोय.