कांदा चाळीला पंखा किती वॅटचा घ्यावा? (शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट)

चांदवडचा_मेकॅनिकल
नमस्कार. आमच्या घरी दोन पाखी कांदा चाळ आहे (कांदा साठवायची बांबूची हवेशीर शेड, मधे वाट आणि दोन बाजूंना एकेक पाखी म्हणजे कांद्याची रांग), सहा कप्प्यांची, साधारण २५ टनांची. एप्रिलअखेर उन्हाळ कांदा भरला. आता ऑगस्टमध्ये चाळीजवळ गेलं की वास येतो, तळातून पाणी झिरपतंय. गेल्या वर्षीही असंच झालं होतं. बाबा म्हणतात, पावसाळी हवाच अशी, इलाज नाही. मी सेन्सरवर चालणारे एक्झॉस्ट पंखे बसवायचं ठरवलंय, आर्द्रता वाढली की आपोआप सुरू होतील. पण सरांना अहवाल डिझाइन प्रोसेसप्रमाणे हवाय: आधी समस्या, मग पर्याय, मग नमुना, चाचणी. उपाय माझा ठरलेला आहे, मग समस्येच्या पानावर काय लिहू? आणि पंखा किती वॅटचा घेऊ?

टूलरूमवाला_सातपूर
वॅटचं नंतर बघू. ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा ओली असते. पंखा तीच ओली हवा आत ओढणार. कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते, ती तुझ्या पंख्याने कुठून आणायची?

मी एकतीस वर्षं जिग-फिक्स्चर केली, म्हणजे मशीनवर पार्ट पकडून ठेवणारी साधनं. एकदा एका पार्टवर ओरखडे यायचे. फिक्स्चरचाच दोष असणार असं धरून मी ते तीनदा बदललं, दोन महिने गेले. शेवटी एक पार्ट हातात घेऊन मशीनपासून पॅकिंगपर्यंत त्याच्यामागे चालत गेलो. ओरखडा धुलाईच्या टोपलीत पडत होता, पार्टवर पार्ट आदळून. तेव्हापासून आधी पार्टच्या मागे चालतो, पेन्सिल नंतर उचलतो.

तू कांद्याच्या मागे चाल. चाळीचा नकाशा काढ. प्रत्येक कप्प्यात वरून, मधून, तळातून, कडेने दहा-दहा किलो काढ. सड वेगळी, काजळी (काळी बुरशी) वेगळी, कोंब वेगळे, सगळ्यांची वजनं लिही. 'कांदा सडतो' एवढ्यावर डिझाइन होत नाही, कुठे सडतो आणि किती, ते हवं. मग उपायाला अटी घाल: लाइट गेली तरी चालला पाहिजे, खर्च अमुक, भरायला जास्तीचा मजूर लागता कामा नये. पंखा पहिल्याच अटीला अडकेल बहुतेक.

लासलगावची_सून
भाऊ, काकांचं ऐक, पण चाळीच्या आधीचंही विचार. शेवटचं पाणी काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी तोडलं होतं का? कांदा पातीसकट तीन-चार दिवस वाफ्यात वाळला का? पात कापताना इंचभर मान ठेवली का? नंतर दहा-बारा दिवस सावलीत सुकवला का? मान ओली राहिली की रोग तिथूनच आत शिरतो. आणि पाखीची रुंदी चार फूट, थर पाच फुटांपर्यंतच ना? पावसाची म्हणून बाजूला ताडपत्री लावली असेल तर उघडीप मिळाली की काढत जा. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राची माणसं हे सगळं समजावून सांगतात, एकदा जाऊन या.

चांदवडचा_मेकॅनिकल
काका, ताई, नऊ दिवस लागले. सुकवणी नीट झाली होती, रुंदी-उंचीही बरोबर. पण वजनं मांडली आणि मी बघतच राहिलो.

सड सगळीकडे नाहीच. प्रत्येक कप्प्यात जिथून माल ओततो, बरोबर त्याच्या खाली आहे, तळाला सगळ्यात जास्त. तिथल्या दहा किलोत सव्वातीन किलो सडका, आणि दोन हात बाजूला अर्धा किलोही नाही. मी कोपरापर्यंत हात घातला. आत ऊबदार, चिकट. बोटांना काळा चिखल लागून आला: माती आणि कांद्याची सालपटं, दोन कांद्यांच्या मधे गच्च बसलेली. तिथे हवा फिरणारच कशी? आणि बऱ्याच कांद्यांना एकाच बाजूला रुपयाएवढा मऊ डाग.

बाबांना विचारलं, भरता कसं? शिडीवरून पाटी ओततात, सात फुटांवरून. पहिल्या पाट्या थेट बांबूंवर आदळतात. माती बारीक म्हणून ओततात तिथेच सरळ खाली बसते, कांदे मात्र गडगडत कडेला जातात.

मग वीस चांगले कांदे सात फुटांवरून टाकले, वीस दोन फुटांवरून, वीस हाताने ठेवले. मार्करने खुणा करून तीन क्रेट चाळीतच ठेवलेत.

टूलरूमवाला_सातपूर
शाब्बास! समस्येचं पान लिहून झालं तुझं. आता पर्याय तीन तरी काढ, पहिल्यावरच अडकू नकोस. आणि नमुना गोणपाट-बांबूचाच कर, मोडला तर वाईट वाटणार नाही असा.

चांदवडचा_मेकॅनिकल
बारा दिवसांनी क्रेट उघडले. सात फुटांचे वीसपैकी सात मऊ, दोन फुटांचे दोन, हाताने ठेवलेला एक.

बांबूच्या कामट्यांची घसरगुंडी केली, कामट्यांत पाऊण इंच फट, म्हणजे माती वाटेतच बाहेर गळते. पहिल्या नमुन्यात कांदा इतक्या वेगाने आला की खाली पुन्हा आदळलाच. दुसऱ्यात मधे गोणपाटाचे दोन पडदे लोंबते सोडले, वेग मोडला. पण चिंगळी (अगदी बारका कांदा) फटीत अडकते आणि मागचा माल तुंबतो. फट अर्धा इंच करून बघतोय.

लासलगावची_सून
चिंगळी आणि गोल्टी (त्याहून थोडा मोठा, पण लहानच कांदा) आधीच निवडून बाजूला काढ ना. प्रतवारी तर करावीच लागते. मिसळून भरलं की बारका कांदा मोठ्यांच्या मधल्या जागा बुजवतो, हवा तिथेही अडते.

टूलरूमवाला_सातपूर
ताईंनी फट न बदलता अडचण सोडवली. हे अहवालात लिही, त्यांच्या हँडलसकट. आणि येत्या एप्रिलला सगळे कप्पे नव्या पद्धतीने भरू नकोस. एक जुन्याच पद्धतीने भर, शेत तेच, दिवस तोच. नाहीतर सड कमी झाली तर ती घसरगुंडीमुळे की पाऊस कमी म्हणून, हे तुलाही कळणार नाही.

चांदवडचा_मेकॅनिकल
हे बाबांना सांगितलं. 'चार टन माल मुद्दाम सडू द्यायचा?' म्हणाले. दोन दिवस बोलले नाहीत. काल संध्याकाळी स्वतःच चाळीत नेलं, शेवटच्या कप्प्यात मधोमध बांबूचा तट्टा लावून दाखवला आणि म्हणाले, अर्धा कप्पा घे, त्याच्या वर नाही. अर्ध्यावर चाचणी चालेल का, काका?

टूलरूमवाला_सातपूर
चालेल. दोन्ही अर्धे एकाच कप्प्यात म्हणजे ऊन-वाराही सारखाच. फक्त भरताना दोन्हीकडचं वजन लिहायला विसरू नकोस.