अनुभव हवेत: टीव्हीच्या पडद्यामागचं सॉफ्टवेअर

कोथरूडकर:
माझ्या भाचीला पुण्यातल्या एका कंपनीची ऑफर आली आहे. काम चॅनेलच्या प्लेआउट सॉफ्टवेअरचं, म्हणजे ठरल्या वेळी कार्यक्रम आणि जाहिराती हवेत सोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं. घरी सगळ्यांचा एकच सूर, "टीव्ही आता बघतं कोण?" मी या धंद्यात १९ वर्षं काढली म्हणून तिने मला विचारलं. म्हटलं, माझ्या एकट्याच्या सांगण्यावर जाऊ नकोस. तेव्हा ब्रॉडकास्टमध्ये कोड लिहिणाऱ्या, लिहून सोडून दिलेल्या सगळ्यांनी इथे लिहा. पगार नाही सांगितलात तरी चालेल, रात्री फोन किती वाजता येतो ते मात्र सांगा.

सुरुवात माझ्यापासून. पहिल्या नोकरीत आमचा डीकोडर (आलेल्या सिग्नलमधून चित्र उलगडणारा) एका ग्राहकाकडे रोज गोठायचा. चित्र जागच्या जागी थिजायचं, मग आपोआप रीस्टार्ट होऊन सगळं सुरळीत. सोमवारी सकाळी दहाला, मंगळवारी साडेबाराला, बुधवारी दुपारी तीनला. हिवतापाच्या पाळीसारखं, फक्त रोज अडीच तास उशिरा. वीज, नेटवर्क, ग्राहकाचा एसी, सगळ्यांना दोष देऊन झाला. शेवटी एका सीनियरने कागदावर भागाकार केला. एमपेगमध्ये (चित्र दाबून लहान करून पाठवायची पद्धत) फ्रेमवर, म्हणजे एकेका चित्रावर, जी वेळ लिहिलेली असते ती ३३ बिटांची, आणि घड्याळ सेकंदाला ९०,००० ठोक्यांचं. म्हणजे साधारण साडेसव्वीस तासांत आकडा भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. आमचा कोड म्हणायचा, आधीपेक्षा लहान वेळ आली ना, मग फ्रेम शिळी, टाका फेकून. आणि लॅबमध्ये आम्ही तेच 'सलग २४ तास' चालवून पास केलं होतं, दर वेळी शून्यापासून! दुरुस्ती एका ओळीची. ती ओळ सापडायला सात आठवडे लागले.

मोगरा_अंधेरी:
मी मराठी बातम्यांच्या ग्राफिक्सवर होते. खालची पळती पट्टी, निकालाचे आकडे, ब्रेकिंगची लाल चौकट, हे सगळं. पावसाळ्यात एकदा रात्री पावणेदहाला डेस्कवरून फोन, "ताई, सह्याद्रीत समुद्र आलाय." टीव्ही लावला तर पट्टीवर 'सह्याद्रीच्या दर्यांत ढगफुटी'. बातमीत बरोबर 'दऱ्यांत' होतं.

झालं असं की न्यूजरूममधला मजकूर जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप व्हायचा आणि आमचा कन्व्हर्टर तो युनिकोडमध्ये आणायचा. त्याचा तक्ता मूळचा हिंदीसाठी बनवलेला. हिंदीत आपला हा चंद्रकोरीसारखा 'ऱ्' नाहीच, त्यामुळे तक्त्यात त्याला वेगळी जागा नाही. सगळे साधे 'र्' झाले आणि य च्या डोक्यावर जाऊन बसले. नुसता दर्या झाला तर एक वेळ हसून सोडता येतं. पण 'आचाऱ्यांना विषबाधा' असं लिहिलं की दवाखान्यात थेट आचार्य पोचतात. मी दुसऱ्या दिवशी वहीत अशा जोड्या लिहून काढल्या आणि त्या टेस्टमध्ये घातल्या. ती वही अजून आहे. मॅनेजर म्हणाले, "इतकं बारीक कोण वाचतं?" त्यांना सांगावंसं वाटलं, साहेब, माझी आई वाचते. (मराठी चॅनेलवर हिंदी वळणाचे ल आणि श बघून तिचा अजूनही पारा चढतो. तो वेगळा धागा.)

जर्सीकर:
न्यू जर्सी, १२ वर्षं. इथे सेकंदाला २५ नाही, २९.९७ फ्रेम. १९५३ साली रंगीत टीव्ही आला तेव्हा जुन्या कृष्णधवल संचांवरही तोच सिग्नल चालावा म्हणून ३० मधून जे थोडं कापलं, ते आम्ही अजून फेडतोय. टाइमकोड (प्रत्येक फ्रेमला दिलेला वेळेचा नंबर) घड्याळाशी जुळावा म्हणून दर मिनिटाला दोन नंबर गाळायचे, पण दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. फ्रेम जात नाही, फक्त नंबर जातो, हे नव्या मुलांना तीनदा सांगावं लागतं. विसरलं तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक, आणि तेवढ्यात कुणाची तरी जाहिरात शेपटाला तुटते.

नवीन असताना ग्राहकाची मेल आली, "बग गायब आहे." मला वाटलं सॉफ्टवेअरमधली चूक गेली, मी खुशीत लिहिलं, "उत्तम, तिकीट (तक्रारीची नोंद) बंद करतो." इथे कोपऱ्यातल्या चॅनेलच्या लोगोला 'बग' म्हणतात. रात्रीचे फोन: भारतातली टीम असल्यामुळे माझे कमी, त्यांचे जास्त. खरं तेच लिहितोय.

डिश_उलटी:
सपोर्टला होतो. मार्चमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरच्या आसपास काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि डिशमध्ये नुसती खरखर, काही मिनिटं. तारखा आधीच हिशोब करून कळवलेल्या असतात. तरी दर वर्षी कोणी तरी 'तुमच्या नव्या व्हर्जनमुळे' म्हणून तिकीट टाकतंच. कारणाच्या रकान्यात मी 'सूर्य' लिहायचो.

धावती_धाव:
मी प्लेआउट सोडून स्ट्रीमिंगकडे गेलो. व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी जातो; एक तुकडा, म्हणजे सेगमेंट, सहा सेकंदांचा, प्लेअर तीन साठवून ठेवतो, म्हणजे १८ सेकंद तिथेच गेले. शेजारच्यांच्या डिशवर विकेट पडते, भिंतीतून आरडाओरडा येतो, आणि आमचा बोलर अजून रनअपला. माझा मुलगा म्हणतो, "बाबा, तुमचं ॲप बंद करा, काकांकडे जाऊ." जाहिरात कधी सुरू करायची आणि कधी संपवायची याची खूण सिग्नलमधूनच येते. संपल्याची खूण हरवली आणि तेवढ्यात विकेट पडली, तर त्या रात्री मोबाइल हातात घ्यावासा वाटत नाही.

पूर्वाश्रमीची:
मी सहा वर्षांनी सोडलं. कंटाळून नाही. बाहेरच्या मुलाखतींत माझं काम कुणाला समजावता येईना. चाळीस मिलिसेकंदांत फ्रेम गेली नाही तर ती गेलीच, पुन्हा पाठवायची सोय नाही, असं सांगितलं की समोरचा विचारायचा, "पण क्लाउड केलंय का?" भाचीने पहिल्या दिवसापासून क्लाउडचंही काम मागून घ्यावं. आणि दिवाळीची सुट्टी लेखी.

कोथरूडकर:
भाचीने सगळं वाचलं. ती म्हणते, मामा, एकच विचारा. मोगराताई, 'दर्यांत' लक्षात आल्यावर ती पट्टी उतरवायला किती वेळ लागला?

मोगरा_अंधेरी:
अकरा मिनिटं. त्यातली सात, पट्टी उतरवायचा अधिकार नक्की कुणाला आहे ते शोधण्यात गेली.